हीट पंपाच्या नावानं चांगभलं!

149 डॉलर! कपडे धुऊन त्यातच वाळवणारं आमचं हीट पंपाचं मशीन वाळवेनासं झालंय, त्याच्या निदानाची फी म्हणे. निदान कशाचं, तर जे मी कॉल सेंटरच्या बाईला सांगितलं, चॅटवरच्या बॉटला सांगितलं आणि ॲपमध्ये फोटोसकट टाकलं, त्याचंच. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ह्या वेळात कधीही येऊ म्हणाले. सुट्टी टाकून घरात बसले. साहेब पावणेपाचला उगवले. बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, मशीनचा फिल्टर ओढला, मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि मान डोलावत म्हणाले, "कॉइलवर लिंट बसलीय." म्हणजे हवा गार-गरम करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर कपड्यांची लव.

बसलीय ना? मग उठव की तिला! त्यासाठीच तर बोलावलंय!

तर नाही. कॉइलपर्यंत पोचायचं म्हणजे वरचं झाकण काढायचं, मग आतलं कव्हर, मग आणखी काही. आणि हीट पंप (हवेतलं पाणी काढून तीच हवा परत गरम करणारं यंत्र) म्हणजे 'सील्ड सिस्टिम', गॅस भरून बंद केलेली, तिला हात लावणारा माणूस वेगळा. त्याच्याकडे ईपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याचं, 608 सर्टिफिकेट असतं, ह्याच्याकडे नाही. मी म्हटलं, अरे राजा, गॅसच्या नळ्या कापायच्या नाहीयेत, रेफ्रिजरंटचा थेंबही काढायचा नाहीये. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवरचा, म्हणजे फिनवरचा, कचरा काढायचाय. कचरा काढायला केंद्र सरकारचं सर्टिफिकेट लागतं हे मला आजच कळलं. त्यावर तो एकच शब्द बोलला. "पॉलिसी." अमेरिकेत हा शब्द उच्चारला की समोरच्यानं गप्प बसायचं असतं.

मी बसले नाही, तो भाग वेगळा.

इथपर्यंत एक वेळ गिळलं असतं. पण मग त्यानं ड्रममधून सासूबाईंचं लुगडं बाहेर काढलं. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. सुती नऊवारी नेसतात आणि ते रोज धुतलं गेलंच पाहिजे हा त्यांचा नेम. हा माणूस ओढतोय, ओढतोय, लुगडं संपतच नाहीये. सासूबाई दारात उभ्या राहून बघतायत, तोंडाला पदर लावून. शेवटी नऊ वार लाँड्रीच्या फरशीवर पसरल्यावर तो मला विचारतो, पडदे धुता का ह्यात? मी सांगितलं, हा पेहराव आहे, माझ्या सासूबाईंचा. तो "ओके" म्हणाला. आणि रिपोर्टमध्ये काय लिहिलं असेल? "ग्राहक मशीनमध्ये पडदे धुतात. वापराच्या सूचना समजावून सांगितल्या." वॉरंटीच्या फाइलमध्ये आता हे कायमचं गेलं. उद्या कॉम्प्रेसर बसला तरी म्हणतील, पडदे धुतले होतेत ना? सासूबाईंनी तर सरळ विचारलं, "मेला काय म्हणाला?" मी नाही सांगितलं. घरात एकच भडका पुरे.

वर जाताजाता उपदेश. सुती कपड्यांची लिंट जास्त निघते, म्हणाला, टॉवेल वेगळे धुवा, सॉफ्टनर वापरू नका, प्रत्येक लोडनंतर फिल्टर साफ करा. करते रे! मी देवपूजा चुकवेन पण फिल्टर चुकवत नाही. चार बोटं जाडीचा थर काढते त्यातून. प्रश्न फिल्टरात अडकते त्या लिंटचा नाहीच, जी फिल्टर चुकवून पुढे जाते तिचा आहे. पुढे असतं गार इव्हॅपोरेटर, सतत ओलं, कारण त्याचं कामच मुळी हवेतलं पाणी काढायचं. ओल्यावर लिंट बसणार, त्यावर दुसरा थर बसणार, आणि मग भिंतीवर थापलेल्या गोवरीसारखं ते सगळं चिकटून वाळणार. हवा जायला जागा नाही. कॉम्प्रेसर आपला बिचारा घरघरतोय, ड्रम फिरतोय, कपडे कोमट आणि दमट. दुकानात सांगितलं होतं, दोन तासांत धुऊन वाळवून हातात. आता पाच तास लागतात आणि जीन्सचे खिसे तरीही ओलेच. काळ्या कपड्यांवर पांढरी लव येते ती वेगळी, कारण वाळवताना ड्रमला चिकटलेली लिंट पुढच्या धुण्यात परत कपड्यांवर. एकाच भांड्यात धुवायचं आणि वाळवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

जी वस्तू दर लोडला घाण होते ती माणसाचा हात पोचेल अशा जागी ठेवावी, एवढं साधं डोकं ज्या इंजिनिअरला नाही त्याला एक महिना आमच्या घरी ठेवून घ्यायला मी तयार आहे. जेवणखाण माझ्याकडे. फक्त धुणं त्यानं करायचं. समोर एक छोटं दार, दोन खिट्या, आत कॉइल, ब्रश फिरवला की झालं. युरोपातल्या कितीतरी साध्या हीट पंप ड्रायरना खाली असं दार असतं. मला दिलंय काय? रंगीत स्क्रीन. वायफाय. धुणं झालं की वाजणारी एक पूर्ण लांबीची ट्यून, जी रात्री अकराला अख्ख्या टाउनहाउसला ऐकू जाते आणि बंद करायची सेटिंग तीन मेनू आत. फोनवर नोटिफिकेशन येतं, "तुमचं धुणं तयार आहे." खोटं! उघडून बघा म्हणावं!

आणि हो, 'सेल्फ क्लीन'. बटण दाबायचं, मशीन आतल्या आत कॉइलवर पाणी मारतं, लिंट वाहून जाते अशी श्रद्धा. दक्षिण कोरियात असंच कॉइल आपोआप धुणाऱ्या ड्रायरवरून 2019 साली रान पेटलं होतं. तिथल्या ग्राहक संस्थेनं लक्ष घातल्यावर एका कंपनीला 14 लाख 50 हजार ड्रायर फुकट दुरुस्त करून द्यायची पाळी आली, आणि 2022 मध्ये फसव्या जाहिरातीबद्दल दंडही बसला. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणजे सोलमध्येही कुणी बाई टॉर्च घेऊन मशीनपुढे उकिडवी बसली असणार. आणि आमच्या साहेबांनी काय सांगितलं? सेल्फ क्लीन महिन्यातून दोनदा चालवा.

आता मूळ गुन्हेगाराकडे येते. नवरा. चांगला 240 व्होल्टचा दणदणीत ड्रायर होता आमचा. भिंतीच्या भोकातून गरम हवा बाहेर, लिंट त्याच्या जाळीत नाहीतर पाइपात, पन्नास मिनिटांत टॉवेल कडकडीत. वर्षातून एकदा पाइप साफ केला की काम भागायचं. पण ह्यानं कुठेतरी वाचलं की 2022 च्या कायद्यात हीट पंप ड्रायरवर 840 डॉलरपर्यंत सवलत आहे. मग व्हिडिओ सुरू झाले. हे साध्या 120 व्होल्टवर चालतं, डक्ट नको, वीज निम्मी लागते, पृथ्वी वाचते. स्वित्झर्लंडमध्ये 2012 पासून दुसरे ड्रायर विकायलाच बंदी आहे, हे त्यानं मला निदान चार पार्ट्यांमध्ये लोकांपुढे ऐकवलंय. मशीन आलं, बसलं. मग कळलं की ती सवलत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना असते आणि आपण बसत नाही. वीज वाचते हे मात्र खरं, मी नाकारत नाही. पाच तास चालूनही बिल कमी आलंय. पण वाचलेली वीज 149 डॉलरच्या फीत गेली त्याचं काय?

आणि हे सगळं का? कारण आमच्या एचओएच्या (म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या) नियमात डेकवर दोरी बांधून कपडे वाळत घालायला मनाई आहे. शोभा जाते. समोरच्यानं ऑक्टोबरपासून लॉनवर बारा फुटी सांगाडा उभा केलाय त्यानं शोभा जात नाही, माझ्या पंचानं जाते! जुलैत इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असं ऊन पडतं की कुरडया वाळतील, आणि मी आत बसून कपड्यातलं पाणी काढायला उलटा फ्रिज चालवतेय. आई सांगलीहून रोज विचारते, "अगं, दोरीवर का टाकत नाहीस?" तिला एचओए समजावताना मला स्वतःचाच राग येतो.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर तिथे ज्ञानाचा महापूर. एक म्हणते व्हिनेगर घाल. दुसरी म्हणते आमचं तर मस्त चालतं, टच वूड. (मस्त चालतंय तर गप्प बसा ना!) एका काकांनी 42 मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. कुणीतरी आख्खं मशीन उघडून, नळ्या न हलवता, पंप्ड स्प्रेनं कॉइल धुतोय. नवऱ्याचे डोळे चमकले. "आपण करूया?" मी म्हटलं, वॉरंटी असेपर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात घेतलास तर तुलाच त्या ड्रममध्ये घालीन, थंड पाण्याच्या सायकलवर.

परवा हळदीकुंकवाला एकीनं सहज विचारलं, काय गं, दमलेली दिसतेस? आणि मी तिळगूळ हातात धरून तिला इव्हॅपोरेटर आणि कंडेन्सरमधला फरक सांगायला लागले. हवा कुठून येते, कुठे गार होते, पाणी कुठे गळतं, हाताने दाखवत. पदर वाटीत बुडाला तरी थांबले नाही. ती बिचारी "हो का, हो का" करत मागे सरकत होती. गोड बोला म्हणायचा दिवस, आणि मी स्टॅटिक प्रेशरवर बोलतेय. एम.ए. मराठी आहे मी. माझ्या आयुष्यात फिन ह्या शब्दाची गरज माशापलीकडे पडायला नको होती. रात्री झोपेत मी "कॉइल, कॉइल" म्हणते असं नवरा सांगतो. त्याचं मी ऐकत नाही, पण सासूबाईही तेच म्हणाल्या.

बरं, सर्टिफिकेटवाला माणूस कधी येणार? पार्ट आल्यावर. कुठला पार्ट? पार्ट कशाला हवाय, घाण काढायचीय! तर नाही, आता कंपनी कॉइल साफ करत नाही, मॉड्यूलच बदलते. अख्खं मॉड्यूल. थोडी लिंट बसली म्हणून कॉम्प्रेसरसकट चालता जीव फेकून द्यायचा आणि नवा बसवायचा. आणि जाहिरातीत हिरवं पान! पृथ्वी वाचवतायत हे! वॉरंटीत पार्ट फुकट, मजुरी नाही. मजुरी किती, ते तो आल्यावर ठरवणार. मॉड्यूल बॅक-ऑर्डरवर आहे. तोवर मी काय करायचं तेही मेलमध्ये लिहिलंय, "कृपया फक्त वॉश मोड वापरा." चौदाव्या पायरीच्या रेलिंगवर सध्या टॉवेल आहेत, डायनिंगच्या खुर्च्यांवर शाळेचे गणवेश, आणि नऊवारी जिन्याच्या वरपासून खालपर्यंत सोडलीय. आता खरंच पडद्यासारखी दिसते.

आत्ताच मेल आलाय. "आजच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा." पाच तारे, आणि खाली तीनशे अक्षरांची चौकट. मराठीत लिहायला घेतलं तर लाल अक्षरात "अवैध अक्षरे" येतं. इंग्रजीत लिहिलं तर दुसऱ्या वाक्यालाच तीनशे संपली आणि मी अजून पावणेपाचपर्यंतही पोचले नव्हते.