जुन्या डिझेलमध्ये पेट्रोल ओतायचा "उपाय": करू नका

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की गाडी दोनतीन वर्षं उभी असेल तर टाकीत दोन लिटर पेट्रोल ओता, स्टार्टर मारा, जुनं डिझेल आपोआप साफ होतं. अहो नाही होत. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाला वंगण डिझेलच देतं, पेट्रोल ते वंगण कमी करतं, आणि कॉमन रेल गाडीचा (म्हणजे एकाच सामायिक नळीतून खूप दाबाने डिझेल पुरवणारी नवी पद्धत) हायप्रेशर पंप तर इतका नाजूक की तो घासला की बारीक धातूचा कीस थेट इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो. मग बसा खर्च करत.

मुळात डिझेल सहा महिने ते वर्षभर बरं टिकतं, पुढे हवेमुळे त्यात चिकट गाळ धरतो. पण खरा वैताग पाण्याचा, अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरतं, ते तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळपट बुळबुळीत शेवाळासारखं काहीतरी तयार होतं. ते पेट्रोलने विरघळत नाही हो! जंतुनाशक टाकलं तरी मेलेला गाळ फिल्टरमध्येच अडकणार.

स्टार्टर मारायच्या आधी टाकीच्या तळाचं थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. स्वच्छ पिवळसर, आरपार दिसलं तर ठीक. गढूळ, काळं, आंबट वासाचं किंवा खाली पाण्याचा थर असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, फिल्टर बदला, ताजं डिझेल भरून लाइनमधली हवा काढा, मगच चावी फिरवा. काढलेलं डिझेल गटारात ओतू नका प्लीज.