१८ पूर्ण होण्याआधी हे शिकवाच

कॉलेजची मुलं बालगृहात जाऊन संगणक आणि रोजचे व्यवहार शिकवतात, हे वाचून फार बरं वाटलं. एकच विनंती, १६-१७ वर्षांच्या मुलांना आधी घ्या. १८ पूर्ण झाली की संस्था सोडायची वेळ येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरही आर्थिक वा इतर आधार मिळण्याची सोय आहे, पण ती मुलांना माहीत तर हवी! आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे, तो बदलायचा कसा, ओटीपी कुणालाही का द्यायचा नाही, हे आपल्याला घरातलं कुणीतरी सांगतं. यांना कोण सांगणार? अनाथ प्रमाणपत्राचंही तेच. २०१८ साली राज्य सरकारने अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, पण महिला व बालविकास विभागाचं प्रमाणपत्र हातात नसेल तर त्याचा उपयोग काय? पॉवरपॉइंट नंतरही शिकता येईल.

आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरले म्हणून येणं थांबवू नका. या मुलांनी माणसं निघून जाताना पुष्कळ पाहिली आहेत. दोघं-तिघं जरी ठरलेल्या वारी येत राहिले, नंतर फोन उचलत राहिले, तरी पुरे.