मार्चच्या सर्व्हिसबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत की मार्चमध्ये सर्व्हिस करूनही तीन आठवड्यांत एसीचं पाणी भिंतीवर आलं, आमचा कामाचा मुलगा फक्त पाइप साफ करून गेला, मग थंडावाच गेला. पुन्हा बोलावल्यावर चार दिवस कुणी फिरकलं नाही आणि आल्यावर गॅस भरायचे २,८०० रुपये सांगितले. हे सगळं खरं आहे. तुमचं जॉब कार्ड समोर ठेवूनच लिहितोय.

आमची चूक पाण्याच्या दिवशी झाली. पाणी गळतंय म्हटलं की ड्रेन पाइप तुंबला असणार, असं आमची मुलं धरून चालतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण तुमची जाळी आणि कॉइल, म्हणजे आतली थंड होणारी तांब्याची नळी, नुकतीच धुतलेली होती, तेव्हा कॉइलवर बर्फ धरतोय का हे आधी बघायला हवं होतं. गॅस कमी पडला की कॉइल शून्याखाली जाते, ठाण्याच्या दमट हवेतली ओल तिच्यावर गोठते आणि एसी बंद केल्यावर बर्फ वितळून ते पाणी ट्रेमध्ये मावत नाही. पाणी आणि गेलेला थंडावा, दोन्हीचं कारण बहुधा एकच होतं. मार्चच्या कार्डावर अँपिअरचा, म्हणजे एसी किती करंट खेचतो त्याचा, रकाना कोरा आहे. तो भरला असता तर कदाचित तेव्हाच कळलं असतं.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता गॅसचे पैसे सांगणं चूक होतं, ते २,८०० विसरा. खाडीलगतच्या आणि नाल्याशेजारच्या इमारतींत हवेनेच तांब्याला बारीक भोकं पडतात, त्यामुळे तिथे तर हे आधी तपासायलाच हवं.

एक गोष्ट मात्र मान्य नाही. मुलांनी मुद्दाम गॅस सोडला, असं तुम्ही म्हणता. जेट पंपाने जागेवर धुताना गॅसच्या लाइनला हातही लावावा लागत नाही. सात वर्षं माझ्याकडे असलेल्या मुलावरचा हा आरोप मला लागला.

चार दिवसांचं म्हणाल तर एप्रिलमध्ये कॉल तुंबतात, पण एक फोन करायला वेळ नव्हता असं म्हणणार नाही. घरात वडील आजारी असताना तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा.

शनिवारी सकाळी ९ वाजता मी स्वतः येतो. नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून सगळे जोड तपासू. फ्लेअर नट, म्हणजे पाइपच्या जोडावरचा नट, गळत असेल तर दुरुस्ती, व्हॅक्यूम (लाइनमधली हवा आणि ओल खेचून काढणं) आणि बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलंय तेवढा गॅस वजनाने, सगळं आमच्या खर्चाने. कॉइलच फुटली असेल तर खरेदीचं बिल शोधून ठेवा, वॉरंटी आहे का ते तिथेच बघू. तोवर एसी चालवू नका. कमी गॅसवर कॉम्प्रेसर तापतो, आणि तो गेला तर खर्च फार मोठा आहे.