वाशांच्या तोंडांना सिलिकॉन फासण्याआधी शिडीवरून खाली उतरा

दुपारी ताईचा फोन. "तुझे दाजी शिडीवर चढलेत. हातात सिलिकॉनची बंदूक आहे आणि खाली बादलीत कसलं तरी काळं तेल." मी विचारलं, मेसेज आला होता का? आलाच होता. 'उघड्या वाशांचं घर: छपराच्या कडेला फळी मारण्याचे पाच अचूक नियम.' मलाही तो चार जणांनी पाठवलाय, प्रत्येकाने वर 'खूप उपयुक्त' असं लिहून.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी सार. वाशांच्या कापलेल्या तोंडांना जळकं इंजिन ऑइल लावा. त्यावर फळी घट्ट ठोका आणि वरून, खालून, सगळीकडून फटी सिलिकॉनने बंद करा. कडेला वाकवलेली पत्र्याची पट्टी हा मिस्त्रीने काढलेला फुकटचा खर्च आहे. दोन वाशांमधली जागा बुजवून टाका. आणि वाशांवरच्या फळ्यांना लांबात लांब खिळे मारा.

सगळ्यात जास्त नुकसान सिलिकॉनवाल्या नियमात आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. वासा आडवा कापला की त्या सगळ्या नळ्या उघड्या पडतात. अमेरिकन वनखात्याच्या प्रयोगशाळेचं 'वुड हँडबुक' १९३५ पासून निघतंय आणि लाकडाच्या बाबतीत मी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. त्यात स्वच्छ दिलंय की लाकडातली ओल आडव्या दिशेपेक्षा उभ्या रेषांच्या दिशेने १० ते १५ पट वेगाने सरकते. ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी लाकूड कुजवू शकत नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे वाशाचं तोंड भिजलं तर बिघडत नाही, भिजून सुकलं नाही तर बिघडतं.

आता फळी तोंडाला घट्ट चिकटवून कडा सिलिकॉनने बुजवल्या की काय होतं? लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिलिकॉन एका बाजूने सुटतो, केसाएवढी फट पडते. तेवढ्या फटीतून पाणी ओढलं जातं. बाहेर पडायला मात्र खालची वाट आपणच बंद केलेली असते. हा शहाणपणा मी स्वतःच्या पडवीवर करून बसलोय. बाहेरून रंग चकचकीत, फळी सरळ रेषेत. तिसऱ्या वर्षी एक खिळा ढिला दिसला म्हणून फळी उचकटली, तर स्क्रूड्रायव्हर वाशाच्या तोंडात मुठीपर्यंत गेला. ओल्या भुशासारखं लाकूड आणि कुबट वास. फळी लावलीच नव्हती त्या बाजूचे वासे काळवंडलेत, पण ठणठणीत आहेत.

फळी लावायचीच असेल तर आधी तोंडांना बुरशीरोधक, पाणी न शोषू देणारं द्रावण पाजा. पाजा म्हणतोय, कारण एका हातात भागत नाही. लाकूड पिणं थांबवेपर्यंत लावायचं. मग तोंड आणि फळी यांच्यात ८-१० मिलिमीटरचे ठोकळे ठेवून फळी मारायची. खालची फट उघडी. वरून आत वारा, खालून बाहेर पाणी.

इंजिन ऑइलबद्दल काय बोलायचं! ते कोरडं होत नाही, त्यावर रंग धरत नाही, उन्हात पाझरून भिंतीवर ओघळतं. त्यात जळणातून आलेली कर्करोगकारक रसायनं आणि झिजलेल्या धातूंचा कीस असतो. त्याच वळचणीखाली आपण पोरांना खेळायला बसवतो. 'आमचे आजोबा लावायचे' हे उत्तर मला पाठवू नका. आजोबा आणखीही बरंच काही करायचे.

वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीला फुकटचा खर्च म्हणणाऱ्याने पागोळ्या कधी नीट पाहिलेल्या नाहीत. छपराच्या काठाशी आलेला थेंब सरळ खाली पडत नाही, काठाला चिकटून आत वळतो आणि फळीच्या पाठीमागे उतरतो. पट्टीची खालची धार बाहेर झुकलेली असली की थेंब तिथेच तुटतो. फळीच्या खालच्या बाजूला, पुढच्या धारेपासून बोटभर आत, एक खाच मारली तर उरलेलं पाणीही तिथेच थांबतं.

वाशांमधली जागा बुजवा, हे मात्र, नाइलाजाने कबूल करतो, अर्धं बरोबर आहे. भिंतीच्या वर ती उघडी ठेवली तर चिमण्या, गांधीलमाश्या, वटवाघळं सगळेच भाडेकरू येतात. पण बुजवायचं म्हणजे सिमेंटने नव्हे. फळीचा तुकडा आणि त्यात जाळी लावलेली भोकं, म्हणजे छपराखालची हवा हलती राहते.

लांब खिळ्यांवर एवढंच: वासे उघडे आहेत, खालून सगळं दिसतं. वरच्या फळीतून बाहेर आलेली खिळ्यांची टोकं तुम्ही रोज चहा पिताना बघणार आहात.

दाजींना एवढं सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पण तीन वाशांना तेल चोपडून झालंय." आत मुरलेलं तेल रंध्याने निघत नाही. आता ती तीन तोंडं चार बोटं मागे कापायची. आणि तीन कापली तर ओळ बिघडते, म्हणून दोरी धरून सगळेच वासे कापायचे. ताईला हे अजून सांगितलेलं नाही.