जनगणनेत अहिराणीचं नावच नाही? खुलासा

धुळे-जळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की सरकारने जनगणनेत अहिराणी मराठीत मिसळून टाकली, तिची वेगळी नोंदच नाही. हे चुकीचं आहे. २०११ च्या भाषांच्या तक्त्यात 'खानदेशी' ही मराठीपासून वेगळी भाषा धरलीय, १८ लाखांच्या वर लोकं, आणि तिच्याखाली अहिराणी नावासकट दिलीय. इंग्रजांच्या काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणातही मराठी ७ व्या खंडात आणि खानदेशी ९ व्या खंडात भिली भाषांसोबत, म्हणजे वेगळं धरणं काही आजचं नाही.

मग गोंधळ कशाचा? राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीचा, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीचा. तिच्यात २२ भाषा आहेत आणि खानदेशी त्यात नाही, हे खरं आहे, पण अनुसूचीत नसणं आणि मोजलीच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ.

खरी गळती आपल्या दारातच होते. घरमा दिवसभर अहिराणी चालते आणि प्रगणक वही घेऊन ओट्यावर आला की आपण चटकन सांगतो, मराठी, कारण शाळा मराठी, कागदपत्रं मराठी. तो सांगितलं तेच लिहितो. २००१ मध्ये खानदेशीचा आकडा २० लाखांच्या वर होता, दहा वर्षांत तो खाली आला, मला तरी हे फार लागतं. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलायची ती, शाळेतली नाही. २०२७ च्या मोजणीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा.