कान ठणकत असताना थांबायचे कसे?

मूल रात्रभर कान धरून रडते, सकाळी डॉक्टर कान तपासून फक्त वेदनाशामक देतात, आणि पालकांना वाटते की उपचार झालेच नाहीत. मी राहते त्या ब्रिटनमध्ये हे नेहमीचे आहे. भारतातले आप्त याला हयगय म्हणतात. अँटिबायोटिक लगेच द्यावे की थांबावे, हा तिकडचा वाद मला अपुरा वाटतो, कारण थांबण्याच्या काळात काय करायचे, हे त्यात कोणी बोलत नाही.

कानाच्या पडद्यामागची पोकळी एका अरुंद नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने ती सुजली की स्राव आत साचतो, त्यात विषाणू किंवा जिवाणू वाढतात, पडदा लाल होऊन फुगतो आणि कान ठणकतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने एकत्रित अभ्यासलेल्या चाचण्यांत, अँटिबायोटिक घेतले असो वा नसो, सुमारे ६० टक्के मुलांचे दुखणे २४ तासांत थांबले होते. औषध दिल्याने दोन-तीन दिवसांनंतरचे दुखणे साधारण वीसांत एकाच मुलाचे वाचते. उलट चौदांत एकाला जुलाब, उलट्या किंवा पुरळ होते.

मात्र सहा महिन्यांखालचे बाळ, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान दुखणे, कान वाहणे किंवा मूल फार आजारी दिसणे, अशा वेळी अँटिबायोटिकचा विचार लगेच करावा लागतो. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तर थेट रुग्णालयच गाठावे.

इथले डॉक्टर वयानुसार किंवा वजनानुसार पॅरासिटामॉलची मात्रा सांगतात आणि पुष्कळदा अँटिबायोटिकची चिठ्ठी आधीच देऊन ठेवतात: तीन दिवसांत उतार पडला नाही किंवा त्याआधी त्रास वाढला, तरच ते सुरू करायचे. मला मोल वाटते ते या चिठ्ठीचे. ज्या पालकांना पुन्हा दवाखाना गाठणे अवघड आहे, त्यांना पहिल्याच भेटीत अँटिबायोटिक देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पण अशी चिठ्ठी, धोक्याच्या खुणा आणि फोन करण्याची मुभा तेही देऊ शकतात. आठवडेच्या आठवडे वाहणारा कान मात्र या वादात बसतच नाही. पडद्याला छिद्र राहून ऐकू येणे कमी होऊ शकते, म्हणून त्यात मनाने तेल न घालता तो कानाच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्यावा आणि ऐकण्याची तपासणीही करावी.