‘दहा मिनिटांत नंबर काढा, दुपारी लेसिक करा’ म्हणे!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परवा लेसिकबद्दल, म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनबद्दल, एक मेसेज ढकलला. ‘लेसिकच्या आधीच्या तपासण्या म्हणजे बिल फुगवायचा धंदा. नंबर काढायला दहा मिनिटं लागतात. लेन्स आदल्या दिवसापर्यंत घाला, सकाळी जा, दुपारी ऑपरेशन, जन्मभर चष्मा नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासणं हेच माझं काम, या तपासण्यांच्या मशिनांवरच माझा दिवस जातो, गप्प बसवेना.

नंबर काढायला दहा मिनिटं पुरतात, कबूल. पण लेझर चालतो तो कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर. तिची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर, बहुतेकांची ५०० ते ५५० मायक्रॉन. वरचा साधारण ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलायचा, खालचा भाग एकेका नंबरामागे १२ ते १५ मायक्रॉन झिजवायचा आणि तळाशी किमान २५० शिल्लक ठेवायचे. आता ४८० जाडी आणि उणे आठ नंबर धरा. ११० गेले, आठ चौदं ११२ गेले, उरले २५८. कागदावर बसतं. पण मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते सर्जन अशा काठावरच्या डोळ्याला लेसिकसाठी हात लावत नाहीत. डोळ्यात बसवायची लेन्स वगैरे दुसरी वाट सांगतात.

बरं, जाडी चांगली असली म्हणून भागतं असंही नाही. मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीची एक मुलगी आली. नंबर उणे तीन, जाडी बरी. टॉपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा, रंगीत नकाशा स्क्रीनवर आला आणि उजव्या डोळ्यात खालच्या अंगाला नारिंगी-लाल फुगवटा दिसला. डाव्यात नुसती चाहूल. ‘डोळे चोळतेस का गं?’ ती गप्प. आईच म्हणाली, ‘अहो, लहानपणापासून! उठली की पहिलं तेच.’ केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगत जाण्याच्या आजाराची, सुरुवात होती. असा कॉर्निया मुळातच कमकुवत. लेझरने आणखी पातळ केला असता तर पुढे फुगत गेला असता आणि मग चष्म्यानेही धड दिसलं नसतं. लेसिक रद्द झालं. ‘चोळणं बंद, सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा’ एवढं घेऊन दोघी घरी गेल्या. आईचा चेहरा पैसे वाया गेल्यासारखाच होता.

कॉन्टॅक्ट लेन्स आदल्या दिवसापर्यंत घालायचा सल्ला तर घातकच. सॉफ्ट लेन्ससुद्धा कॉर्नियाचा आकार थोडा बदलते. म्हणून तपासणीआधी सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात, सेमी-सॉफ्ट त्याहून जास्त. यावर लोक बिनदिक्कत खोटं बोलतात. ‘लेन्स? नाही हो, महिनाभर नाही.’ मग हळूच, ‘फक्त परवा हळदीला घातल्या होत्या.’ असा नकाशा पुन्हा काढावा लागतो.

‘सकाळी जा, दुपारी ऑपरेशन’ हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत कधी बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स पडले नसावेत. ते घातल्यावर डोळ्याच्या मागचा पडदा कडेपर्यंत तपासता येतो. उणे नंबरवाल्यांचा डोळा लांबट, पडदा ताणलेला. कडेला पातळ जागा किंवा भोक सापडलं तर आधी त्याचा बंदोबस्त. लेसिकने नंबर जातो, पडदा तोच राहतो, म्हणून नंतरही तो तपासत राहायचा. ड्रॉप्सनंतर चार-सहा तास जवळचं अंधूक दिसतं, ऊन टोचतं. तेव्हा गॉगल न्या, बाईक नको, दादरच्या पुलावर गर्दीत चढायचंय तर सोबत कुणीतरी हवं. जुन्या चष्म्यांचे कागदही न्या: वय १८ च्या पुढे लागतं आणि नंबर निदान वर्षभर स्थिर; तो स्थिर आहे का हे त्यावरूनच कळतं. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबायचं.

पापणीत अडकवायच्या कागदी पट्टीला सगळे हसतात. पाच मिनिटांत ती अश्रूंनी किती मिलिमीटर भिजते ते बघायचं. दहाच्या खाली असेल तर डोळे कोरडे असण्याची शंका. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची पट्टी बऱ्याचदा कोरडी निघते. पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि कोरडेपणा काही महिने वाढतो, म्हणून आधी त्याचा इलाज.

आणि रेल्वे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, असिस्टंट लोको पायलटसाठी लेसिक झालेला उमेदवार चालत नाही. आधी जाहिरात वाचा.

बिलाबद्दलची चीड मात्र मला समजते. ‘तपासणी मोफत’ म्हणून बोलवायचं आणि तासाभरात पॅकेज गळ्यात मारायचं, हेही चालतं. त्यावर उपाय तपासणी टाळणं हा नाही. टॉपोग्राफीची प्रत मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

राहता राहिलं ‘जन्मभर चष्मा नाही’. चाळिशी लागली की जवळचा चष्मा लेसिकवाल्यांनाही लागतो. डोळ्यातलं भिंग ताठ होतं, त्याला कॉर्निया काय करणार? काकांनीसुद्धा तो मेसेज पाठवायच्या आधी, वाचला असेल तर, चष्मा लावूनच वाचला असणार.